बियोकोची निनावी माशी



व्याख्यानमालेची पत्रिका वाटली गेली त्याच संध्याकाळी मला वरूडहून मावसभावाचा फोन आला. त्याची संत्र्याची बाग आहे. म्हणाला, "दादा, काळ्या माशीवर बोलून राहिले म्हणता, त मंग फवारणी केव्हा घ्याची थेही सांगून द्या." त्याचं काही चुकलं नव्हतं. विदर्भात काळी माशी म्हटलं की संत्र्याच्या पानाखाली बसून रस शोषणारी, मागे कोळशी ठेवून जाणारी तीच डोळ्यांपुढे येते. खरं तर ती माशीही नव्हे, मावा आणि तुडतुडे यांच्या गोतावळ्यातली आहे. मी आज जिच्याबद्दल बोलणार आहे ती काळी माशी वेगळी. तिला झाडाशी देणंघेणं नाही. तिचं बालपण वाहत्या पाण्यात जातं आणि मोठेपणी तिच्यातल्या मादीला रक्त लागतं. शास्त्रात तिच्या कुळाला सिम्युलियम म्हणतात. आपण मराठीत तिला चिलटांत ढकलून मोकळे होतो.

त्या कुळातलीही मी एकच निवडली आहे, आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यासमोरच्या बियोको नावाच्या बेटावरची. ती आता नाही. २००५ सालच्या मार्चमध्ये तिच्यातली शेवटची माशी पकडली गेली. ती आपोआप गेली नाही, जंगलतोडीत गेली नाही. माणसांनी ठरवून, नकाशे काढून, दोनदा हरून तिसऱ्या खेपेला तिला संपवलं.

आमच्या समितीतल्या एका बाईंनी मला जरा दबकत विचारलं होतं, "स्मृतिव्याख्यानाला माशी?" ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे ते आमचे सर असते तर खूश झाले असते, एवढंच मी त्यांना सांगितलं. आपल्यापैकी जे त्यांचे विद्यार्थी आहेत त्यांना आंबोलीची सहल आठवत असेल. पाऊस सरला की ऑक्टोबरात सर आम्हाला हिरण्यकेशीच्या अंगाच्या ओढ्यांवर न्यायचे. आम्हाला धबधबा बघायचा असायचा, आणि सर पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात वाकलेले असायचे. एक दगड उचलायचे, उलटा करायचे आणि पांढऱ्या ताटलीवर धरून म्हणायचे, "बघा आता."

पहिल्या नजरेला काही दिसत नसे. शेवाळ, वाळूचे कण, थोडा चिखल. मग हळूहळू कळे की दगडाच्या ज्या बाजूवर पाण्याचा सगळ्यात जास्त मारा होता, नेमकी तिथंच तांदळाच्या कणीएवढ्या काळपट अळ्या दाटीनं उभ्या आहेत. उभ्या हा शब्द मी जाणून वापरतो. या अळीचं मागचं टोक फुगीर असतं, बाटलीच्या बुडासारखं. तोंडातून रेशीम काढून ती दगडावर एक बारीक गादी चिकटवते आणि शेपटाकडच्या आकड्यांच्या वर्तुळानं त्या गादीत रुतून बसते. अंग प्रवाहाच्या दिशेनं सोडलेलं. डोक्यावर दोन पंखे. हातपंख्याच्या काड्यांसारखे उलगडणारे आणि मिटणारे. पाण्याबरोबर जे काही बारीक कण वाहत येतात ते त्या पंख्यांत अडकतात. अळी पंखा मिटून तोंडाशी नेते, पुसून घेते, पुन्हा उघडते. दिवसभर हेच काम. तुम्ही बोट लावलंत तर ती गादी सोडून देते, पण वाहून जात नाही. कोळ्यासारखा धागा सोडत खाली घसरते आणि धोका टळला की त्याच धाग्यावरून परत वर येते.

या पंख्यांकडे लक्ष ठेवा. अळी पाण्यातला कण निवडून खात नाही, जो येईल तो खाते. तिचं जगणं त्या सवयीवर चाललेलं असतं. तिचा घातही त्याच सवयीनं केला.

अळीचा कोष होतो, तोही पाण्याखालीच. सपातीच्या पुढच्या भागासारखी रेशमाची एक टोपी आणि त्यातून बाहेर आलेले कल्ल्यांचे तंतू. आतली माशी तयार झाली की कोष फाटतो आणि ती हवेच्या बुडबुड्यात बसून पृष्ठभागावर येते. बुडबुडा फुटतो, माशी कोरडीच्या कोरडी उडून जाते. सरांनी हे आम्हाला एकदा काचेच्या बरणीत दाखवलं होतं. चाळीस जणांचा वर्ग, आणि कोणाचा श्वास ऐकू येत नव्हता.

आता बियोकोकडे जाऊ. गिनीच्या आखातात, कॅमेरूनच्या किनाऱ्यापासून साधारण ३२ किलोमीटरवर हे ज्वालामुखीचं बेट आहे. क्षेत्रफळ दोन हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आणि उत्तर भागात पिको बासिले नावाचं तीन हजार मीटरहून उंच शिखर. दक्षिण टोकाला उरेका नावाचं गाव आहे. तिथं वर्षाला दहा हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आंबोलीचा आकडा सात हजारांच्या घरात गेला की आपण अभिमानानं सांगतो, म्हणून ही तुलना. असं बेट म्हणजे चहूबाजूंनी समुद्राकडे धावणारे ओढेच ओढे. पोर्तुगीज तिथं १४७२च्या सुमारास पोचले, पुढं ते स्पेनकडे गेलं, फर्नांदो पो या नावानं ओळखलं गेलं आणि १९६८ साली स्वतंत्र झालेल्या इक्वेटोरियल गिनी देशाचा भाग झालं. राजधानी मलाबो याच बेटावर होती. मूळचे रहिवासी बुबी लोक. कोकोच्या मळ्यांसाठी बाहेरून मजूर आणले गेले. लायबेरियातून तिथं माणसं पाठवण्याचा धंदा गुलामगिरीच्या इतका जवळ गेला होता की १९३० साली राष्ट्रसंघाला त्याची चौकशी करावी लागली.

मळे ओढ्यांच्या काठी आणि माशा ओढ्यांत. ही माशी दिवसा, उघड्यावर चावते आणि बहुतेक वेळा पायांना, घोट्याच्या वर. डासासारखी ती नाजूक सुई टोचत नाही. ती कातडी कापते, खाली रक्ताचं थारोळं जमू देते आणि ते पिते. ती उडून गेल्यावर कातडीवर लाल ठिपका उरतो. कोको तोडणाऱ्या माणसाच्या पायांवर असे किती ठिपके, हे कोणी मोजत बसत नसे.

चावण्याबरोबर एक जंत अंगात जातो. ऑन्कोसर्का व्हॉल्व्ह्युलस. त्याच्या माद्या कातडीखाली गाठी करून राहतात, दहा ते पंधरा वर्षं जगतात आणि लाखोंनी सूक्ष्म पिल्लं सोडतात. ही पिल्लं कातडीत हिंडतात. माशी रक्ताबरोबर त्यांना उचलते, तिच्या अंगात ती वाढतात आणि पुढच्या माणसाकडे जातात. डोळ्यात शिरली आणि मेली तर बुबुळ हळूहळू पांढरं होत जातं. म्हणून या रोगाला नदीकाठचं अंधत्व म्हणतात. जिनिव्हात जागतिक आरोग्य संघटनेच्या आवारात एक पुतळा आहे, काठीचं एक टोक धरून चाललेला आंधळा माणूस आणि दुसरं टोक धरून पुढं चाललेला पोरगा. त्या काठीत पश्चिम आफ्रिकेतल्या कित्येक गावांचा इतिहास आहे. धडधाकट पोराचं बालपण बापाला वाट दाखवण्यात गेलं.

बियोकोवर मात्र अंधत्व कमी होतं. तिथला प्रकार जंगली पट्ट्यातला, कातडीवरचा. खाज. अशी की माणूस दगडानं, विळ्याच्या पाठीनं अंग घासतो, रात्री झोपत नाही, कातडी जाड होते, लोंबते, नडगीवरचा रंग बिबट्यासारखा ठिपक्याठिपक्यांनी उडतो. अंधत्वाचा पुतळा होतो, खाजेचा होत नाही. १९८०च्या दशकाच्या अखेरीला तिथं तपासलेल्या चार माणसांमागे जवळजवळ तिघांच्या कातडीत हा जंत होता. या रोगाचं ठाण असलेलं जगातलं हे एकमेव बेट.

१९९० पासून तिथं आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या वाटायला सुरुवात झाली. हे नाव आपल्याकडे कोरोनात घरोघरी पोचलं. गोव्यात तर मे २०२१ मध्ये अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना ही गोळी देण्याची घोषणा झाली होती. कोरोनावर तिचा उपयोग ठरला नाही, पण म्हणून गोळीला हसू नका. जपानच्या मातीतल्या एका जिवाणूपासून ती आली, सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना तिच्यासाठी २०१५ सालचं नोबेल मिळालं आणि १९८७ साली मर्क कंपनीनं या रोगासाठी ती लागेल तितकी आणि लागेल तोवर फुकट द्यायचं जाहीर केलं. हत्तीपायासाठी तीन औषधांची एकत्र मात्रा आपल्या देशात द्यायला लागले तेव्हा सुरुवातीच्या जिल्ह्यांत नागपूर होतं. त्या तीनपैकी एक हीच.

गोळीनं बियोकोवर खाज कमी झाली, लोकांना झोप लागू लागली. पण गोळी पिल्लांना मारते, गाठीतल्या म्हाताऱ्या जंताला मारत नाही. तो पुन्हा पिल्लं सोडतो, आणि ओढ्यावर माशी आहेच. वर्षानुवर्षं गोळ्या देऊनही फेरा तुटला नाही. मग प्रश्न पुढं आला की माशीच काढून टाकता येईल का.

आता हा प्रश्न ऐकायला सोपा वाटतो. पश्चिम आफ्रिकेत १९७४ ते २००२ अशी अठ्ठावीस वर्षं हेलिकॉप्टरांनी नद्यांवर अळीनाशक टाकलं गेलं. तिथल्या लोकांना एक गोष्ट फार महागात शिकायला मिळाली होती. सवाना प्रदेशातल्या या माशा मोसमी वाऱ्यावर स्वार होऊन चारशे-पाचशे किलोमीटर जातात. एक नदी साफ करा, शेजारच्या देशातून नव्या येऊन बसतात. जिथं चारशे किलोमीटरचा पल्ला आहे तिथं ३२ किलोमीटर समुद्राची काय मातब्बरी? बियोकोची माशी मारून पुढच्या वर्षी कॅमेरूनची येणार असेल तर सगळा खर्च पाण्यात. अगदी शब्दशः.

म्हणून आधी विचारायला हवं होतं की ही माशी कोणती. इथं सरांचा धंदा, म्हणजे वर्गीकरण, सुरू होतो. १९०३ साली थिओबाल्डनं सिम्युलियम डॅम्नोसम हे नाव दिलं तेव्हा ती एकच जात समजली गेली होती. नुसत्या डोळ्यांना, भिंगालाही, त्या सगळ्या माशा एकीसारखी दुसरी. फरक त्यांच्या अळ्यांच्या पोटात होता. अळीच्या रेशीम ग्रंथींमध्ये गुणसूत्रं प्रचंड मोठी असतात, पट्ट्यापट्ट्यांची, किराणा मालावरच्या बारकोडसारखी. अळी तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ॲसिटिक आम्लात बुडवून ठेवायची, मग ती ग्रंथी सुईनं सोडवून घ्यायची, रंगवायची, काचेखाली दाबायची आणि पट्टे मोजत बसायचं. कुठला तुकडा उलटा बसलाय ते बघायचं. दिवसभरात मोजक्याच अळ्या होतात. डोळे आणि मान दोन्ही जातात. १९६६ साली डनबारनं दाखवलं की एक समजलेली ही जात म्हणजे अनेक जातींचं एकत्र कुटुंब आहे. १९७५ साली वाजिमे आणि डनबार यांनी त्यातल्या कित्येकींना नावं दिली. त्यांत एक याहेन्से. जंगलातल्या लहान, सावलीच्या ओढ्यांत राहणारी.

बियोकोच्या अळ्यांचे पट्टे वाचले गेले तेव्हा त्या याहेन्सेच्या जवळच्या निघाल्या, पण हुबेहूब नव्हेत. बेटाची म्हणून त्यांची वेगळी ठेवण होती. याचा अर्थ समुद्रापलीकडच्या माशांशी त्यांचं येणंजाणं, निदान लग्नकार्य होण्याइतकं, नव्हतं. ती जंगलातली माशी, वाऱ्यावर हिंडणारी नव्हे. बेटावरच तिचा संसार. मोहिमेचा सगळा डोलारा या एका निष्कर्षावर उभा राहिला. शोधनिबंधांत तिला बियोको रूप एवढंच म्हटलेलं आहे. स्वतःचं वेगळं जातनाम तिला मिळालं नाही.

मी हे इतकं लांबवून सांगतोय त्याला कारण आहे. आपल्याकडे जीवशास्त्रात वर्गीकरण करणारा माणूस म्हणजे ज्याला दुसरं काही जमलं नाही तो, असा एक समज आहे. सरांना हे तोंडावर ऐकवलेलं मी ऐकलेलं आहे. कोणी ऐकवलं ते सांगत नाही. बियोकोवर डॉक्टर होते, हेलिकॉप्टर होतं, पैसा होता. पण या माशीच्या जागी बाहेरून कोणी येणार नाही, एकदा गेली की गेली, हे पट्टे मोजत बसलेल्यांनी सांगितलं.

१९९५ ते २००२ या काळात बेटावरचे ओढे एकेक करून पालथे घातले गेले. जानेवारी ते एप्रिल बहुतेक ओढे आटतात किंवा इतके बारीक होतात की ही माशी त्यांत तगत नाही, हे कळलं. पाचशे मीटरच्या वरचे ओढे फार लहान, तिथं बहुधा ती नाहीच. म्हणजे वर्षातले चार महिने तिचा सगळा गोतावळा मोजक्या पाण्यात कोंडलेला. घाव तेव्हा घालायचा. औषध ठरलं टेमेफॉस. हे नाव परकं वाटलं तरी वस्तू तुमच्या घरातली आहे. पावसाळ्यात मलेरिया विभागाची माणसं दारावर येतात, पाण्याच्या टाक्या उघडून बघतात, डब्यातून थेंब टाकतात आणि भिंतीवर तारीख लिहून जातात. आपण म्हणतो, "अबेट टाकून गेले." तेच हे. नारूच्या विरोधात पायऱ्यांच्या विहिरींमध्येही तेच टाकलं होतं, आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. इथल्या साठीपुढच्या मंडळींनी नारू पाहिलेला असेल, काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचा तो.

अशा मोहिमांमध्ये नदीत टेमेफॉस टाकतात ते मिलिग्रॅमच्या हिशोबात, लिटरला मिलिग्रॅमचा दहावा हिस्सा किंवा त्याहून कमी, आणि तेही दहा मिनिटं पुरेल इतकं. बाकीचे जीव त्यातून बरेचसे वाचतात. पण खळाळात पंखे उघडून बसलेली अळी, जो कण येईल तो खाणारी, ती हे खातेच. आठवड्यानं पुन्हा टाकायचं, कारण मधल्या दिवसांत अंड्यातून नव्या निघालेल्या असतात. म्हाताऱ्या माशा उडत असतात त्या महिनाभरात मरतात. हिशोब पक्का होता.

फेब्रुवारी ते मे २००१. हेलिकॉप्टर आणि जमिनीवरची पथकं. नियम असा ठरवला की सेकंदाला अर्धा घनमीटर किंवा त्याहून जास्त पाणी वाहणाऱ्या प्रत्येक जोराच्या ओढ्यात औषध टाकायचं. धरणातून विसर्ग किती हे आपण रोज पेपरात वाचतो, त्या भाषेत हे साधारण साडेसतरा क्युसेक होतात. त्याहून बारीक ओढ्यात ही माशी राहणार नाही, असा अंदाज.

माशी राहत होती. ज्यांना हिशोबात धरलं नव्हतं अशा बारक्या धारांमध्ये काही वस्त्या टिकून राहिल्या आणि पाऊस पडताच पुन्हा पसरल्या. पहिला प्रयत्न फसला.

मला या फसण्यात फार रस आहे. साडेसतरा क्युसेक हा आकडा माणसाचा होता. कोणीतरी टेबलावर नकाशा पसरून, पैशाचा आणि इंधनाचा विचार करून तो ठरवला असणार, आणि तसं करणं काही गैर नव्हतं. पण माशी आकडे पाळत नाही. तिला बोटभर पाणी लागतं, फक्त ते धावतं हवं. सर ओढ्याच्या मुख्य धारेत फार वेळ काढत नसत. बाजूला, दोन दगडांच्या फटीतून येणारी करंगळीएवढी धार असायची, तिथं ते बसत. तेव्हा आम्हाला कंटाळा यायचा.

दुसरा प्रयत्न जानेवारी २००३ मध्ये सुरू झाला. या वेळी बारके ओढेही धरले. एक काळ असा आला की तीन आठवडे कुठं चावा नाही, अळी नाही. झालं असं वाटलं असणार. मग एप्रिलमध्ये बेटाच्या उत्तर भागात पुन्हा माशी सापडली. त्या दिवशी पथकाच्या जेवणावळीत काय वातावरण असेल ते मी मनात आणून बघतो.

तिसऱ्या खेपेला, २००५च्या सुरुवातीला, सगळं बेट पायाखाली घातलं. पाठीवर औषध घेतलेली माणसं ओढ्यात उतरली, वर चढत गेली. बाकी गोष्टी आधीच माहीत होत्या. या वेळी फक्त कोणता ओढा सोडायचा हा प्रश्न काढून टाकला होता. मार्च २००५ मध्ये एक चावणारी माशी पकडली गेली. त्यानंतर एकही नाही. तीन वर्षांहून जास्त वाट पाहिल्यावर, २००९ साली त्याचा निबंध प्रसिद्ध झाला.

माशी पकडणं म्हणजे काय तेही सांगतो, कारण शून्य हा आकडा कसा मिळतो ते कळायला हवं. गावातला एक माणूस ओढ्याच्या काठी बसतो. पायांवरचं कापड गुडघ्यापर्यंत वर. हातात काचेची बारीक नळी. सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत, जोडीदाराबरोबर आळीपाळीनं. माशी पायावर उतरली की चावायच्या आत नळी उपडी टाकायची, बूच लावायचं, वर वेळ लिहायची. बेटावर अशी माणसं महिनोन्‌महिने बसली आणि रिकाम्या नळ्या परत देत राहिली. रिकाम्या नळीची नोंद करायला फार चिकाटी लागते. पुढं मुलांच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि रोगाचा प्रसार थांबल्याचाच निष्कर्ष निघाला. मोठ्यांच्या गाठीत म्हातारे जंत होते, ते त्यांच्या आयुष्याप्रमाणे जातात. तोवर गोळ्या.

औषध टाकताना बाकीच्या जिवांचं काय, हेही बघितलं गेलं. मासे, झिंगे, खेकडे, तळाशी राहणारे इतर किडे आधी आणि नंतर तपासले. याच घराण्यातल्या दुसऱ्या एका माशीची गोष्ट यापूर्वीची. केनियात १९४६ ते १९५६ या काळात सिम्युलियम निएवायी नावाची जात डीडीटी वापरून हटवली. तिथं बराच काळ कोडं असं होतं की माशा चावतात पण दगडांवर अळ्या सापडत नाहीत. १९५० साली व्हॅन सॉमेरेन आणि मॅकमोहन यांना त्या सापडल्या, खेकड्यांच्या अंगावर! तिथंही कोणीतरी खेकडा उचलून नीट पाहिला, तेव्हा कोडं सुटलं. हत्यार मात्र डीडीटी, ज्याचा हिशोब जगाला नंतर कळला. बियोकोवरचं हत्यार त्यापेक्षा बरंच शहाणं होतं.

आता प्रश्नोत्तरांत येणारच आहे तो प्रश्न मीच घेतो. एका बेटावरच होणारा, दुसरीकडे कुठंही नसणारा एक जीव आपण कायमचा पुसला. हा हक्क कोणी दिला? परवा माझ्या नातीनं विचारलं, ती पर्यावरणाचा कोर्स करते. मी तिला म्हटलं, माझ्या हातात ते औषधाचं भांडं असतं तर मीही टाकलं असतं, आणि मला त्या रात्री झोप लागली असती. अडुसष्ट हजार माणसं धोक्यात होती. ज्याला आयुष्यभर स्वतःची कातडी खरवडावी लागते त्याच्यापुढे मी ओढ्यातल्या विविधतेवर बोलायला उभा राहणार नाही. याहेन्से जात मुख्य भूमीवर आहे, बियोकोच्या ओढ्यांत काळ्या माशीच्या इतर जातीही असतील. पण या माशीच्या बाबतीत ‘नष्ट झाली’ असं म्हणू नये. ‘नष्ट केली’ म्हणावं. आपण केलं तर आपलं म्हणायला काय हरकत आहे? आणि गंमत अशी की त्या बेटावरून जंतही चालला आहे, त्याच्यासाठी नातीनं एक अक्षर काढलं नाही.

तिला मी दुसरं एक बेटही दाखवलं. पॅसिफिकमधलं ताहिती. तिथं याच कुळाच्या तिसाच्या आसपास जाती एका बेटावर आहेत. लाखो वर्षांत डोंगराच्या घळीघळीत वेगळ्या झालेल्या. धबधब्याच्या कड्यावरून पाण्याचा जो पातळ पापुद्रा वाहतो त्यात राहणाऱ्या काही अळ्या गाळून खाण्याऐवजी दगड खरवडून खाण्याकडे वळल्या आहेत. त्यातल्या बहुतेक कोणाला चावत नाहीत. कॅनडाचे डग्लस क्रेग यांनी त्यांच्यामागं आयुष्याची कितीतरी वर्षं घालवली. तिथं हात लावायचं काही कारण नाही. पॅसिफिकमधल्याच मार्केसास बेटांवर मात्र नोनो नावानं ओळखली जाणारी एक जात लोकांना नकोसं करून सोडते. म्हणजे सगळ्या काळ्या माशांबद्दल एक मत ठेवून चालत नाही. कोणती माशी, कुठला ओढा, हे विचारावंच लागतं.

बियोकोवरच, २००४ पासून, मलेरियाच्या डासांविरुद्ध घराघरांत फवारणीची मोठी मोहीम चालू आहे. तेलाचा पैसाही तिच्यामागे आहे. मलेरिया बराच उतरला, पण गेला नाही. डास डबक्यात होतो, खड्ड्यात होतो, घरात येऊन चावतो. बोटींतून, विमानातून आजारी माणसंही येत राहतात. त्याच बेटावर, त्याच काळात, एका किड्याला माणूस पुरून उरला आणि दुसऱ्यानं दाद दिली नाही. पैसा कमी पडला म्हणून असं झालेलं नाही. ते दोन किडे निराळ्या रीतीनं जगतात.

सरांच्या कपाटात अळ्यांच्या कुप्या होत्या, बाटल्यांवर त्यांच्या बारीक अक्षरात ओढ्याचं नाव, तारीख, पाण्याची खोली. कॉलेजनं त्या खोलीत संगणक बसवायचे ठरवले तेव्हा कुप्या बाहेर आल्या. त्यातल्या काही माझ्याकडे आहेत, अल्कोहोल मी दरवर्षी भरतो. आज त्यातली एक आणली आहे, व्याख्यान संपल्यावर टेबलापाशी येऊन बघा. भिंग ठेवलं आहे. पंखे मिटलेले आहेत, पण दिसतात.

आणि एक विनंती. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही काहीजण आंबोलीला जाणार आहोत. सरांनी ज्या ओढ्यांची टिपणं ठेवली होती ते ओढे पुन्हा बघायचे आहेत. दहा-बारा जण पुरेत, नावं दाराशी वही ठेवली आहे तिथं लिहा. जुने कॅनव्हासचे बूट घाला, चपला नकोत, दगड फार बुळबुळीत असतात, मी स्वतः दोनदा आपटलो आहे. घरातली एक पांढरी ताटली आणा. आणि दगड उचललात की बघून झाल्यावर तो ज्या बाजूनं होता त्याच बाजूनं परत ठेवायचा आहे.